नरसाळ्यावरचे पोचे

पैज लागली ती ओल्या टॉवेलांवरून.

तळमजल्यावरच्या न्हाव्याने, म्हणजे कात्रीकाकांनी, दुकानातले सगळे टॉवेल धुऊन जिन्याच्या कठड्यावर टाकले होते. वाळत घातले म्हणवत नाही. एकावर एक, त्यावर आणखी एक, बसच्या दारात माणसं लोंबकळावीत तसे. तिसऱ्या मजल्यावरची भट्टी कामावरून आली, पहिल्याच पायरीवर एक गारढोण फडकं थापकन तिच्या तोंडावर बसलं, आणि सगळ्या बिल्डिंगने आपापले टीव्ही बंद केले. बाहेर फुकटात जास्त चांगलं काही सुरू होणार हे सगळ्यांना कळलं होतं.

भट्टी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती संशोधन केंद्रात वाळवण्याच्या यंत्रांवर काम करायची, पातळ पदार्थांची पावडर करायची, म्हणून भट्टी. निदान तिच्या तोंडावर तरी लोक हेच कारण सांगायचे.

"काका! हे काय आहे? हे वाळणार आहेत का या जन्मात?"

"वाळतील की हळूहळू," काका वस्तरा पुसत म्हणाले.

"वाळणार नाहीत, कुजतील! वाळायला हवा लागते, खेळती हवा! मधल्या टॉवेलातलं पाणी जाणार कुठे? तुमच्या डोक्यात? तिथे जागा भरपूर आहे म्हणा!"

वरच्या मजल्यांवर हशा पिकला. कात्रीकाकांची मिशी थरथरली. ती मिशी म्हणजे त्यांची इस्टेट होती. दोन्ही टोकं वर वळवलेली, मेण लावलेली, दुकानाच्या पाटीवरही तिचंच चित्र. काका एरवी भांडणात पडत नसत, पण मिशी थरथरली की त्यांचाही नाइलाज व्हायचा.

"भट्टीबाई, एक विचारू? तुम्ही एक आठवडा आवाज न चढवता राहू शकाल?"

"का नाही? सहज!"

"अशक्य," वरून आवाज आला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर ओणव्या होऊन सासूबाई मजा बघत होत्या. "काका, तुम्ही बिनधास्त मिशी पणाला लावा. माझी सून आहे. मी ओळखते."

शत्रूने म्हटलं असतं तर भट्टीने सोडून दिलं असतं. पण घरचंच माणूस, तेही शेंगा सोलता सोलता? झालं. पैज तिथल्या तिथे ठरली. पुढच्या रविवारपर्यंत भट्टीने आवाज चढवला नाही, तर कात्रीकाका अर्धी मिशी उतरवून भर दुपारी बसस्टॉपपर्यंत चालत जाणार आणि चालत परत येणार. चढवला, तर भट्टीने रविवारी अंगणात उभं राहून अख्ख्या बिल्डिंगची पायपुसणी झोडपून द्यायची, आणि प्रत्येक फटक्याला गोड आवाजात म्हणायचं, 'मी गरीब गाय.'

"आणि बघणार कोण? घरात ठीक आहे, पण कामावर?" काकांनी विचारलं.

"घरात मी," सासूबाई म्हणाल्या. "कामावर आमचा ठोक्या आहे."

ठोक्या म्हणजे भट्टीचा धाकटा दीर. भट्टीनेच शब्द टाकून त्याला केंद्रातल्या टॉवरवर लावलं होतं. हा टॉवर पोलादी, तीन मजली. वरून आटवलेल्या दुधाचा फवारा सोडायचा, सोबत गरम हवा. थेंब खाली पोचेपर्यंत वाटेतच पाणी उडून जातं आणि खाली पडते ती कोरडी पावडर. टॉवरचा तळ नरसाळ्यासारखा निमुळता. पावडर त्यावरून घरंगळत बाहेर यायची. यायची म्हणजे यायला हवी. ती गरम आणि दमट झाली की चिकट होते, नरसाळ्याला धरून बसते. मग ठोक्याची पाळी. लांब दांड्याची रबरी हातोडी घ्यायची आणि बाहेरून दण्ण, दण्ण! दिवसातून इतक्या वेळा ठोकायचा की लोक त्याचं खरं नाव विसरले. तोही विसरला असावा. त्याला त्या हातोडीचा भारी अभिमान. नुसत्या आवाजावरून कुठे अडकलंय ते सांगतो, म्हणायचा.

पण त्या ठोकण्याने नरसाळ्याला पोचे पडले होते. बाहेरून पोचा म्हणजे आतून टेंगूळ. टेंगळाच्या डोक्यावर नवी पावडर फतकल मारून बसायची. मग तिला पाडायला आणखी ठोका, ठोका की आणखी पोचे, पोचे की आणखी पावडर. भट्टीने हे ठोक्याला हजारदा सांगितलं होतं, अर्थात तिच्या पद्धतीने, आणि ठोक्याने हजारदा तिच्या भीतीने हातोडी लपवली होती. लपवायचा आणि ती गेली की काढायचा.

केंद्राच्या मोठ्या सरांना सगळे 'गुळगुळीत' म्हणत. अर्थात पाठीमागे. दोन यंत्रं जळाली, एक प्रकल्प बुडाला, एका मशीनमध्ये कुणाचं तरी बोट गेलं, पण सरांच्या कोटाला कधी काही चिकटलं नाही. अख्ख्या केंद्रात अशी एकच वस्तू होती आणि ती खुर्चीवर बसायची. मागे एकदा भट्टीने भर बैठकीत त्यांच्या टेबलावर चाळणी आपटली होती. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "मॅडम, पुन्हा असं झालं तर तुम्हाला टॉवरवरून काढून वाचनालयाचं काम द्यावं लागेल. तिथे शांतता फार असते." तेव्हापासून भट्टी जिभेला गाठ मारून होती. ती टॉवरवरून गेली, तर त्या तीन मजली डब्यापाशी ठोक्या आणि त्याची हातोडी, एवढेच उरणार होते. म्हणजे पैज निमित्त होती. तोंड बंद ठेवायचं खरं कारण रोज तिच्याच घरी जेवायला बसायचं.

आठवडा सुरू झाला तोच खोडीने. कात्रीकाकांनी जिन्यातले टॉवेल काढले नाहीतच, उलट त्यात दोन चादरींची भर घातली. भट्टी त्यातून डुक्करवाटेने वाकून जायची आणि म्हणायची, "छान वाळतायत हं, काका." पहिल्या मजल्यावरच्या मावशींनी मुद्दाम तिच्या दारापाशी झाडून कचरा ठेवला. आणि सासूबाईंनी तर कमाल केली. दूध तापत ठेवलं आणि गॅसपासून दोन पावलांवर उभ्या राहून ते उतू जाताना बघत बसल्या. दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास. भट्टी आली, पातेल्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"आई, दूध लागलं वाटतं."

"लागलं खरं," सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होत्या.

"होतं असं कधी कधी," भट्टी म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं. इतकं घासलं, इतकं घासलं, की पातेल्याचा तळ आरशासारखा चकाकला. नवऱ्याने पेपरच्या आडून डोळे मोठे केले. बोलण्याचं खातं त्याने लग्नातच बायकोच्या नावावर केलं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात घरात इतकी शांतता होती की शेजारी दोनदा विचारून गेले, सगळे बरे आहेत ना.

मग रोजच दूध लागायला लागलं. पण घरच्या खोड्या सोप्या होत्या. कामावर तिचं पित्त खवळत होतं.

शनिवारी पाहुणे येणार होते, टॉवर बघायला, पसंत पडला तर स्वतःच्या कारखान्यात असाच मोठा बांधायला. सरांनी तीन गोष्टी केल्या. एक, टॉवर आठवडाभर बंद करायचा नाही, धुण्यात वेळ घालवायचा नाही. दोन, तासाला जास्त पावडर दिसावी म्हणून हवा आणखी गरम करायची. तीन, नरसाळ्यावरचे पोचे पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून त्याला चंदेरी रंग द्यायचा. तिसरी गोष्ट ऐकून भट्टीची कानशिलं तापली. अहो, पोचे हेच तर सांगत होते की इथे पावडर साचते! गालावर गळू आलंय आणि हा माणूस पावडर फासतोय!

ती सरांच्या खोलीत गेली. हळू आवाजात म्हणाली, "सर, टॉवर मध्ये एकदा धुवायला हवा. पोच्यांच्या आत थर चढतोय."

"छान मुद्दा," सर म्हणाले. "लक्षात ठेवतो."

दोन दिवसांनी तिने आत दिवा धरून काचेच्या खिडकीतून पाहिलं. टेंगळांवर पावडर गादीसारखी जाड बसली होती, आणि गादीची कड पिवळसर दिसत होती. ती गुपचूप आपल्या प्रयोगशाळेत गेली. तिचं सगळं संशोधन याच गादीवर होतं. तारेच्या जाळीच्या लहानमोठ्या डब्या करायच्या, त्यात दुधाची पावडर भरायची, मधोमध तापमान मोजायची तार खुपसायची आणि डबी खऱ्याखुऱ्या भट्टीत ठेवायची. लहान डबी भट्टीइतकीच तापते आणि गप्प बसते. मोठी डबी त्याच भट्टीत, त्याच उष्णतेत, आतल्या आत भट्टीपेक्षा जास्त तापायला लागते. कारण पावडर म्हणजे रजई. पातळ थर आपली ऊब बाहेर सोडतो. जाड थर ती दाबून ठेवतो, वर गार दिसतो, आत धुमसतो, आणि मग एक दिवस आत निखारा होतो. तो निखारा नुसता बसून राहिला तर नुसता जळका वास. पण कुणी ठोकून तो खाली पाडला, आणि त्याच वेळी आत पावडरीचा धुरळा उडालेला असला, तर दुधाची ती गोरीपान पावडर दारूगोळ्यासारखी उडते. टॉवरचे पत्रे फाटतात. आणि हातोडी धरलेला माणूस बरोबर त्या पत्र्याला नाक लावून उभा असतो.

तिने एक लहान डबी आणि एक मोठी डबी सरांच्या टेबलावर ठेवली. लहानीतली पावडर पांढरी. मोठीतला ठोकळा मधून कोळसा.

"सर, दोन्ही एकाच भट्टीतल्या, एकाच तापमानाच्या. आपल्या नरसाळ्यात सध्या या मोठ्या डबीइतका थर आहे. आणि तुम्ही हवा अजून गरम करताय. सर, ठोकताना हा पडला तर स्फोट होऊ शकतो."

सरांनी ठोकळा उचलला, उलटसुलट केला. "वा! केक आहे का?" आणि स्वतःच हसले. मग खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला एक सांगू? या आठवड्यात तुम्ही फार बदलला आहात. किती छान बोलता! संशोधन असंच करायचं असतं, शांतपणे. असंच चालू द्या. शनिवार होऊ दे, मग धुऊ सावकाश."

भट्टी बाहेर आली. मागे दार तिने अलगद लावलं. इतकं अलगद, की बाहेरच्या टायपिस्टबाईला भीतीच वाटली.

कसला संताप झाला होता तिचा! मेलं, खरं बोलायचं तर ते ओरडूनच का बोलावं लागतं? ओरडलं की म्हणतात, बाई डोक्याने तापट आहे, लक्ष देऊ नका. हळू बोललं की म्हणतात, बाई गोड बोलते, लक्ष द्यायची गरज नाही. म्हणजे ऐकायचं नाही हे आधीच ठरलेलं! जिन्याने उतरताना तिने कठड्यावर मूठ आपटली. एकदाच. आवाज न करता.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला तिने ठोक्याला बाजूला बसवलं.

"ठोक्या, उद्या हातोडी नको चालवूस. काहीही अडकलं तरी."

"सरांनी सांगितलंय, वहिनी. पाहुण्यांसमोर अडकलं तर लगेच ठोकायचं. धार थांबायला नको."

"मी सांगते ना, नको."

ठोक्याने घास तोंडात थांबवला आणि तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, खरं सांगू? तू अशी हळू बोललीस की मला वाटतं तू नुसतं सुचवतेयस. नेहमीसारखं ओरडून सांग, मग बघ, हातोडी नदीत टाकून येतो."

समोर सासूबाईंनी कान टवकारले. नवऱ्याचा पेपर थोडा खाली आला. भट्टीच्या जिभेच्या टोकावर सगळं येऊन बसलं होतं, नुसतं तोंड उघडायची खोटी. पण ती पैज, ती मिशी, ते वाचनालय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सासूबाईंचं ते 'अशक्य'.

"सुचवत नाहीये," ती हळूच म्हणाली. "सांगतेय."

"बरं," ठोक्या म्हणाला. पण त्याच्या त्या 'बरं'मध्ये काही दम नव्हता.

शनिवारी टॉवर नटला होता. नरसाळं चंदेरी चमकत होतं, एकही पोचा दिसत नव्हता. पाहुणे वरच्या गॅलरीत काचेमागे उभे होते, सर त्यांना हात हलवून समजावत होते, भट्टी कोपऱ्यात यंत्राच्या पाटीपाशी. खाली पंखे घोंघावत होते. अशा वेळी खालचं माणूस बाजूच्या माणसाशीसुद्धा खुणेने बोलतं. ठोक्या नव्या निळ्या कपड्यांत नरसाळ्याजवळ उभा होता, खालच्या तोंडातून पांढरीशुभ्र धार पडत होती, आणि पाहुणे मान डोलवत होते.

मग वास आला.

करपलेल्या दुधाचा. पुसट, पण तोच. आणि इथे भट्टीची फसगत झाली. तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो सासूबाईंचा. आता इथेही? ठोक्याला हाताशी धरून ही म्हातारी कामावर दूध करपवायला लागली की काय मला चिडवायला? आठवडाभर करपलेल्या दुधाला 'होतं असं कधी कधी' म्हणून म्हणून तिच्या नाकाने जणू शिपाईगिरी सोडून दिली होती. दोन श्वास ती तशीच उभी राहिली. दोनच. मग अंगावर सर्रकन काटा आला.

"सर," ती पुढे झाली. "आत जळतंय. बंद करा."

"कॅन्टीन असेल," सर पाहुण्यांकडे बघून हसले.

"सर, कॅन्टीन मागच्या बाजूला आहे आणि वारा तिकडे जातोय. हा वास टॉवरच्या हवेचा आहे. बंद करा."

"पाहुणे गेल्यावर बघू, मॅडम. शांत राहा, आठवडाभर राहिलात तशा."

खाली पांढरी धार बारीक झाली. तुटली. नरसाळं अडकलं होतं. ठोक्याने वर गॅलरीकडे पाहिलं. सरांनी काचेतून बोटाने खूण केली, ठोक. ठोक्याने हातोडी उचलली, दोन्ही हातांनी, डोक्यामागे नेली.

"ठोक्याऽऽऽ!"

ही हाक भट्टीने काचेचं दार उघडून मारली. म्हणजे काय मारली! त्या पंख्यांच्या घोंघाटात भोंगासुद्धा ऐकू येत नसे, आणि ही आरोळी त्यातून आरपार गेली. "हातोडी टाक! टाक म्हणते ना मेल्या! आधी हात खाली! पळ तिथून! पळऽऽ!"

ठोक्याने वर पाहिलंही नाही. त्या आवाजाची त्याच्या हाडांना सवय होती. हातोडी हातातून सुटली, मागे पडली, आणि तो धावत सुटला, निळ्या कपड्यांत, बूट वाजवत, थेट फाटकापर्यंत.

सगळं बंद करायचं लाल बटण सरांच्या पाठीमागे होतं. "मॅडम, पाहुणे आहेत..." ते म्हणाले. भट्टीने त्यांना खांद्याने बाजूला ढकललं आणि बटणावर तळहात मारला. फवारा थांबला, गरम हवा थांबली, पंखे हळूहळू विव्हळत बंद पडले, आणि टॉवरच्या आत आग विझवायच्या पाण्याचा धो धो आवाज सुरू झाला. बाकी सगळं शांत झालं. म्हणजे सगळं, भट्टी सोडून.

"कॅन्टीन काय? कॅन्टीन? तुमच्या नाकात काय कापूस आहे? केक म्हणाला होतात ना? तुमचा केक आत भाजतोय! दोन वेळा येऊन सांगितलं, गोड बोलून सांगितलं, हात जोडायचे बाकी होते! मी शांत बोलले की तुम्हाला छान वाटतं! तुम्हाला छान वाटावं म्हणून तो खाली पत्र्याला नाक लावून उभा होता! माझा दीर आहे तो! आणि दीर नसता, कुणीही असता, तरी काय? पोचे झाकायला रंग लावलात? बाहेरून चंदेरी, आतून निखारा! तुमच्यावर काही चिकटत नाही ना? मग दुसऱ्यांना कशाला चिकटवता?"

पाहुण्यांपैकी एकाने हळूच आपली वही बंद केली.

सर कोट झटकत म्हणाले, "मॅडमची प्रकृती जरा... आणि ऑपरेटरने थर वेळेवर साफ केला नाही असं दिसतंय. एवढंच."

ही थंडगार सुरी त्यांनी तिथल्या तिथे काढली.

टॉवर पूर्ण गार झाल्यावर दार उघडलं. एका पोच्याच्या टेंगळावर गोळा बसला होता, भोपळ्याएवढा, पाण्याने थपथपलेला. ठोक्यानेच तो बाहेर काढला आणि फोडला. बाहेर साय, मग तपकिरी, आणि मधोमध काळाकुळकुळीत कोळसा. पाणी पिऊनही अजून कोमट. ठोक्याने नरसाळ्याकडे पाहिलं. गोळा बसला होता ती जागा त्याच्या हातोडीच्या नेमक्या आवडत्या पोच्याची होती. तो खाली जमिनीवरच बसला.

रविवारी अंगणात चर्चा रंगली, ही आरोळी पैजेत धरायची की नाही.

"जीव वाचवायला मारलेली हाक आहे," पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. "ती माफ."

"मीही तेच म्हणतो," कात्रीकाका म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते आणि हात मात्र मिशीवर. "अर्धी मिशी मी आत्ता उतरवतो. हवी तर पुरी."

"मिशीला हात लावायचा नाही," भट्टी म्हणाली. तिने पदर खोचला होता. "पहिली हाक माफ असेल. त्यानंतर मी सरांना जे बोलले ते संतापानेच बोलले. जीव वाचून झाला होता. मी हरले. आणा पायपुसणी."

"मी म्हटलंच होतं, अशक्य," सासूबाई म्हणाल्या. पण आज त्यांनी तिच्यासाठी खाली खुर्ची आणून ठेवली होती. आणि हळूच म्हणाल्या, "दूध मीच करपवलं गं. चुकलं."

"ते राहू दे, आई. उलट तुमच्यामुळे तो वास लगेच ओळखला," भट्टी म्हणाली. तिने दोन श्वास आपल्याकडेच ठेवले.

पायपुसण्यांचा ढीग लागला. ठोक्या दोरीवर एकेक टाकत होता. भट्टीने दंडुका उचलला. फटाक! "मी गरीब गाय." फटाक! "मी गरीब गाय." मुलं टाळ्या पिटत होती, बायका पदर तोंडाला लावून खोकत हसत होत्या, धुळीचे लोट उठत होते, आणि गरीब गाईच्या डोळ्यांत अजून रक्त उतरलेलं होतं. दर फटक्याला तिला खुर्चीत रेललेला तो माणूस दिसत होता.

आणि फाटकातून तोच आला. इस्त्रीचा कोट, हातात गाडीची किल्ली.

"मॅडम, दोन मिनिटं."

"बोला, सर. हात थांबवत नाही, माझं देणं चालू आहे." फटाक! "मी गरीब गाय."

सर गोंधळले, पण हसले. जवळ येऊन हळू म्हणाले, "सोमवारी चौकशी आहे. साफसफाई ऑपरेटरकडून राहिली एवढं तुम्ही म्हणालात तर विषय मिटेल. त्याला थोडे दिवस घरी बसवू, मग घेऊ परत. घरचाच माणूस आहे, समजून घेईल. तुमचा टॉवर तुमच्याकडेच राहील. आणि हे आपण शांतपणे..."

ठोक्या दोरीपाशी उभा होता, हातात पायपुसणं तसंच. अंगणातला गलबला थांबला. कात्रीकाकांनी मिशीवरचा हात काढला.

भट्टीने दंडुका खांद्यावर टेकवला. "शांतपणे?" ती म्हणाली. मग ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा मोकळी हसली. "अहो सर, तुम्ही एक दिवस उशिरा आलात. शांत राहायची पैज मी कालच हरले!"

आणि मग आवाजाची पट्टी वर चढली. पार गल्लीच्या टोकापर्यंत खिडक्या उघडल्या.

"ऐका रे सगळ्यांनी! हे आमचे सर! टॉवर धुवू नका म्हणाले हे! हवा तापवा म्हणाले हे! अडकलं की ठोक अशी खूण केली ह्यांनी, ह्या बोटाने! आणि आता म्हणतायत, चूक पोराची आहे म्हण! उद्या चौकशीत तो कोळशाचा गोळा मी टेबलावर ठेवणार आहे, आणि जे आत्ता बोलतेय तेच बोलणार आहे, ह्याच आवाजात! वाचनालयात पाठवा मला! तिथूनही ऐकू येईल!"

"येईल हो," कात्रीकाका म्हणाले. "खात्री आहे."

सर मागे सरकले. पण मागे दोरी होती. ठोक्याने हातातलं शेवटचं पायपुसणं त्यांच्या नाकासमोरच दोरीवर टाकलं. ते दुकानातलं होतं. त्यात अख्ख्या गल्लीचे केस होते, पांढरे, काळे, मेंदी लावलेले, वर्षानुवर्षांचे.

"वहिनी," ठोक्या म्हणाला, "हे काकांचं राहिलंय."

"सर, बाजूला व्हा," भट्टी म्हणाली, पण दंडुका तोवर निघाला होता.

फटाक!

धूळ आणि केस असे काही उडाले, की क्षणभर अंगण दिसेना. सगळं खाली बसलं तेव्हा सरांच्या इस्त्रीच्या कोटावर, खांद्यांवर, भुवयांवर, सगळ्या गल्लीचे केस चिकटले होते. त्यांनी झटकले. निघेनात.

"मी," भट्टी गोड आवाजात म्हणाली, आणि अख्ख्या अंगणाने तिच्यासोबत सूर धरला, "गरीब गाय."